मुक्या जिवांचा सांभाळ आणि सांभाळणाऱ्यांचे मन



जीवदया हा शब्द आपल्या घरांत लहानपणापासून कानी पडतो. गच्चीवर पक्ष्यांसाठी टांगलेले पाण्याचे भांडे, गल्ल्याशेजारी ठेवलेली जीवदयेची पेटी, पर्युषणात फाडलेली पांजरापोळीची पावती, ही आपल्या व्यापारी कुटुंबांची जुनी ओळख आहे. या परंपरेत कुत्र्याचे स्थान मात्र काहीसे उंबरठ्याबाहेरचे राहिले. त्याला उरलेली पोळी मिळते. पण तेच कुत्रे एखाद्या सकाळी दुकानाच्या फळीखाली जखमी होऊन पडलेले आढळले, तर पुढे काय करावे हे कोणालाच ठाऊक नसते. अलीकडे आपल्याच समाजातील काही तरुण मुले-मुली श्वान-बचाव केंद्रे चालवून या प्रश्नाला भिडू लागली आहेत. त्यांच्या कार्याचे कौतुक होते, सभांतून शाल-श्रीफळही मिळते. परंतु हे काम करताना त्यांच्या मनाचे काय होते, याविषयी आपण फारसे बोलत नाही. या महिन्यात त्याविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास. कुत्र्यांसाठी व्यापाऱ्यांनी आपली दुकाने बंद ठेवल्याची घटना मुंबईच्या इतिहासात नमूद आहे. १८३२ च्या जून महिन्यात इंग्रज सरकारने शहरातील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी घरांच्या आवारातही शिरू लागले. तेव्हा पारशी बांधवांनी उघड विरोध केला. हिंदू आणि जैन व्यापारी त्यांच्यासोबत उभे राहिले आणि कोट भागातील व्यवहार थांबला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपल्या समाजाचे शेठ मोतीशा यांच्यासारख्या धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरातील ही संस्था आज प्रामुख्याने गोवंशासाठी ओळखली जाते. पण तिच्या जन्मामागे रस्त्यावरचे बेवारस कुत्रे होते, हे आपल्या नव्या पिढीला सांगितले पाहिजे. आजची मुले जे करीत आहेत ते परदेशातून आलेले फॅड नव्हे. आपल्या पूर्वजांनी सुरू केलेल्या कार्याचाच तो पुढचा अध्याय आहे.

हे केंद्र चालते कसे, तेही थोडक्यात पाहू. दूरध्वनी येतो: अमक्या चौकात वाहनाने ठोकरलेले कुत्रे पडले आहे. माणसे जाळी आणि चादर घेऊन जातात, त्याला पशुवैद्यकाकडे नेतात, पाय मोडला असेल तर आठवडेच्या आठवडे सांभाळतात. बरे झालेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि रेबीज-प्रतिबंधक लसीकरण होते, ओळख पटावी म्हणून कानाला लहानशी खाच पाडली जाते आणि त्याला त्याच्या मूळ जागी परत सोडले जाते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा गाभा हाच आहे. ही जबाबदारी मुळात नगरपालिका-महानगरपालिकांची. प्रत्यक्षात तिचा मोठा भार अशा संस्था वाहतात. ज्यांना परत सोडता येत नाही ती आंधळी, पांगळी, वृद्ध कुत्री मात्र केंद्रातच राहतात.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशाच एका केंद्राचे हिशेब मी पाहतो. ते केंद्र चालविणारी भगिनी मार्केट यार्डातील एका धान्य-व्यापाऱ्याची कन्या आहे. जमाखर्चाच्या निमित्ताने तिच्यासमोर बसताना जे पाहिले आणि ऐकले, ते तिच्या अनुमतीने येथे मांडीत आहे.

या कामातील सुख-दुःखाचे चढउतार साधे नाहीत. खरजेने कातडी सोलून निघालेले, दुर्गंधीमुळे कोणी जवळही न करणारे कुत्रे दीड-दोन महिन्यांच्या उपचारानंतर अंगावर नवे केस घेऊन शेपटी हलवीत समोर येते, तेव्हाचा आनंद पैशात मोजता येत नाही. काही गाठींच्या आजारात तर आठवड्याला एक याप्रमाणे मोजकी इंजेक्शने दिली की रक्ताळलेली गाठ विरून जाते. परंतु त्याच आठवड्यात पावसाळी हवेत पार्व्होची साथ येते. लस न मिळालेली पिले उलट्या आणि रक्ती हगवण यांनी दोन-तीन दिवसांत मान टाकतात. सलाईन लावून रात्र-रात्र जागले तरी किती वाचतील याचा भरवसा नसतो. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकून राहतो. म्हणून त्या जागी नवी पिले ठेवताही येत नाहीत, आणि दाराशी मात्र कोणीतरी खोक्यात घालून नवी पिले सोडून गेलेले असते.

गेल्या पावसाळ्यात एका मादीची सात पिले केंद्रात आली. चार दिवसांत सहा गेली, एक वाचले. ते धडधाकट झाल्यावर एका सुसंस्कृत कुटुंबाने आपलेसे केले. पिलू गाडीत बसून गेले आणि ही भगिनी कार्यालयात येऊन ढसाढसा रडली. तिचे वडील योगायोगाने तेथे होते. ते गोंधळून म्हणाले, "अगं, सहा गेली तेव्हा तू डोळ्यांतून पाणी काढले नाहीस, आणि आज चांगले घर मिळाले तर रडतेस?" ती म्हणाली, "बाबा, तेव्हा रडायला वेळ नव्हता."

या एका वाक्यात या कामाचे सारे ओझे आले. दुःख येते तेव्हा पुढचे सलाईन लावायचे असते, म्हणून ते बाजूला ठेवले जाते. आणि बाजूला ठेवलेले दुःख भलत्याच वेळी वसुलीला येते. रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका, आपद्ग्रस्तांमध्ये काम करणारे समुपदेशक, पशुवैद्यक यांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेचा अभ्यास केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी १९९० च्या दशकात तिच्याकडे विशेष लक्ष वेधले. मराठीत आपण तिला करुणेचा थकवा म्हणू. झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, क्षुल्लक कारणाने संताप येणे आणि शेवटी मन बधिर होणे, ही तिची लक्षणे.

आपल्या शास्त्रकारांनी मनाच्या या अवस्थांचे वर्गीकरण फार पूर्वी केले आहे. आर्तध्यानाचे जे चार प्रकार आपण प्रवचनांतून ऐकतो, त्यातील तीन तर या केंद्रात रोज भेटतात. लळा लागलेले पिलू दुसऱ्या घरी जाते किंवा देह ठेवते, तेव्हा इष्टवियोग. हौसेने नेलेले कुत्रे "आता बदली झाली", "घरात बाळ येणार आहे" असे सांगून सहा महिन्यांनी परत आणून सोडणारा माणूस समोर उभा राहतो, तेव्हा अनिष्टसंयोग. आणि जखमेच्या यातना डोळ्यांसमोरून न हलणे ही वेदनेची चिंता. त्यापुढची पायरी अधिक धोक्याची. कुत्र्यावर उकळते पाणी टाकणाऱ्याचा विचार करता-करता त्याचेही तसेच व्हावे असे मनात येऊ लागले, तर करुणेतून निघालेला मार्ग रौद्रध्यानात जाऊन पोहोचतो. जिवांवरील प्रेमामुळेच माणसांचा द्वेष वाढू लागतो, हे या क्षेत्रातील कित्येकांचे दुखणे आहे.

यावरचा उपायही आपल्याकडे सांगितलेला आहे. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना आपण एका दमात म्हणतो, पण आचरणात बहुधा कारुण्यावर थांबतो. दुःखी जिवाविषयी कारुण्य असावे, तसे जो समजावूनही समजत नाही त्याच्याविषयी माध्यस्थ्य असावे. माध्यस्थ्य म्हणजे बेफिकिरी नव्हे. क्रूरतेविरुद्ध तक्रार अवश्य नोंदवावी, कायद्याचा आधार घ्यावा. मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या माणसाला मनात घेऊन झोपू नये. आणि प्रमोद म्हणजे बऱ्या झालेल्या कुत्र्यांकडे पाहण्यासाठीही वेळ काढणे. त्या भगिनीला मी एक साधी गोष्ट सुचविली: केंद्राच्या नोंदवहीत मृत्यूंची नोंद होते, तशी घर मिळालेल्या आणि बरे होऊन आपल्या गल्लीत परतलेल्या प्रत्येक कुत्र्याचीही तारखेसह नोंद व्हावी. वर्षअखेरीस तिने ती पाने मोजली. तिला वाटत होते त्यापेक्षा ती कितीतरी अधिक निघाली.

जैन घरातून आलेल्या कार्यकर्त्याला आणखी काही प्रश्न छळतात, जे इतरांना कदाचित जाणवणारही नाहीत. जखमेत अळ्या पडलेले कुत्रे येते. अळ्या काढल्या नाहीत तर ते जिवंतपणी पोखरले जाईल. आणि त्या अळ्या हेही त्रसजीवच. चिमटा हाती घेतलेला हात क्षणभर थबकतो. निर्बीजीकरणाचेही तसेच. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. केंद्रात कुत्र्याला बांधावे लागते, शस्त्रक्रियेत छेद होतो, शस्त्रक्रियेपूर्वी त्याचे अन्न काही तास बंद ठेवावे लागते. मग हा दोष नव्हे काय?

मी शास्त्रज्ञ पंडित नाही. या विषयी प्रत्येकाने आपल्या गुरुभगवंतांना अवश्य विचारावे. परंतु हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे असावध आणि कषाययुक्त मनाला, जे स्थान दिले आहे, ते विसरून चालणार नाही. क्रोधाने वा लोभाने बांधणे वेगळे आणि मोडलेले हाड जुळावे म्हणून बांधणे वेगळे. साधारणतः त्रेसष्ट दिवसांच्या गर्भकाळानंतर रस्त्यावर जन्मणाऱ्या पिलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला उपासमार, रोग आणि चाके येतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला निर्बीजीकरणात क्रौर्य दिसत नाही. तरीही त्याच्या मनात बोच राहते. ती बोच राहणे हेच त्याच्या अंतःकरणाच्या कोमलतेचे लक्षण आहे. आपण बाहेर बसून तिच्यावर बोट ठेवू नये.

सर्वांत अवघड प्रश्न अंतकाळाचा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की कुत्रे वाचत नाही. त्याला वेगळे ठेवून त्याच्या नैसर्गिक मृत्यूची वाट पाहावी, असे नियम सांगतो. असाध्य रोगाने वा प्राणांतिक जखमेने तळमळणाऱ्या प्राण्याला पात्र पशुवैद्यकाकडून यातनामुक्त करण्याची मुभा कायद्यात आहे. पण आपल्या परंपरेत वाढलेल्या व्यक्तीला त्या कागदावर सही करणे फार जड जाते, आणि न करता त्याच्या शेजारी बसून राहणेही तितकेच जड. अशा वेळी मला जीवंधरस्वामींची कथा आठवते. आचार्य वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणि'त ती आहे. लोकांच्या मारहाणीने मरणासन्न झालेले एक कुत्रे जीवंधरकुमाराला दिसले. त्याला वाचविणे त्याच्या हाती नव्हते. तो त्याच्याजवळ बसला आणि त्याच्या कानी त्याने पंचनमस्कार मंत्र घातला. ते श्वान शांतभावाने मरण पावून यक्षेंद्र सुदर्शन झाले आणि पुढे जीवंधराच्या उपयोगी पडले. लहानपणी या कथेतील चमत्कार आपल्याला भावतो. आज मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: वाचविता आले नाही, तरी एकटे मरू दिले नाही. केंद्रातील जी मुले मृत्युपंथाला लागलेल्या कुत्र्याजवळ बसून हलक्या आवाजात नवकार म्हणतात, ती अपयशी ठरत नाहीत. जीवदयेचा तोही एक पूर्ण प्रकार आहे.

आता माझ्या व्यवसायाच्या भाषेतील एक विचार. बँक कर्ज देते तेव्हा त्यातील काही रक्कम बुडणार हे गृहीत धरून आधीच तरतूद करते. तरतूद केली म्हणून कोणी वसुली सोडीत नाही. पण एखादे खाते बुडाले म्हणून बँकही कोसळत नाही. बचाव केंद्रानेही अशी तरतूद केली पाहिजे. आलेल्यांपैकी काही जाणार हे स्वीकारणे, एका माणसाने सलग रात्री न जागता पाळ्या लावणे, आठवड्यातून एक दिवस दूरध्वनी दुसऱ्याकडे सोपविणे, आणि किती कुत्री सांभाळता येतील तो आकडा फलकावर लिहून त्यापुढे नम्रपणे नाही म्हणणे, या त्या तरतुदी होत. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. दयाळू माणसाला नाही म्हणवत नाही. मग चाळिसांच्या जागेत ऐंशी कुत्री कोंबली जातात, रोग पसरतो आणि दयेच्या पोटीच हालअपेष्टा जन्मास येतात. अर्थात ही उपमा फार ताणू नये. जीव हा कर्जदार नव्हे, आणि त्याच्या जाण्याची नोंद केवळ नावे-बाजूस करून मन मोकळे होत नाही.

यात आपला, म्हणजे देणाऱ्यांचा, वाटा कोणता? दानात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. परंतु आपल्या दानाला ऋतू असतो. पर्युषण, दशलक्षण पर्व आणि महावीर जन्मकल्याणक या काळात पावतीपुस्तके भरतात. फाल्गुन-चैत्राच्या मधल्या दिवसांत खाते कोरडे पडते. समजा, एका केंद्रात चाळीस कुत्री आहेत आणि प्रत्येकाच्या रोजच्या अन्नाला पन्नास रुपये लागतात. म्हणजे दिवसाला दोन हजार, महिन्याला साठ हजार. औषधे, कामगारांचे पगार, गाडीचे डिझेल वेगळे. ही भूक बारा महिन्यांची आहे. म्हणून एकदा दिलेल्या एकवीस हजारांपेक्षा दरमहा न चुकता येणारे पंधराशे रुपये केंद्र चालविणाऱ्याच्या झोपेसाठी अधिक उपयोगी ठरतात. त्या भगिनीच्या वडिलांनी मार्केट यार्डातील आपल्या आडत्या मित्रांसमोर हा हिशेब मांडला, आणि काही पेढ्यांनी बँकेला स्थायी सूचना देऊन दरमहाची रक्कम बांधून दिली. तिचे दुःख त्याने कमी झाले असे मी म्हणणार नाही. पण औषधाच्या दुकानाची उधारी हे त्या दुःखात मिसळलेले दुसरे ओझे उतरले.

दुसरे असे की, आपल्याला खोलीवर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी हवी असते. त्यात वावगे काही नाही. पाटीमुळे खोल्या उभ्या राहतात. पण पाटी पगारावर लागत नाही, आणि चांगला कामगार टिकला नाही तर खोलीचा उपयोग काय? कायम निधीइतकाच चालू खर्चाचाही विचार व्हावा. जीवदयेचा पैसा जीवदयेलाच लागावा हा आपला दंडक आहे. जखमी कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधणाऱ्या माणसाचा पगार त्या दंडकात बसतो की नाही, याचा विश्वस्तांनी आपल्या गुरुजनांच्या मार्गदर्शनाने एकदा निर्णय करून घ्यावा.

पैशापलीकडेही करण्यासारखे बरेच आहे. दुकानासमोरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले आहे ना, याची चौकशी करावी. लहान मुलांना कुत्रे खात-झोपत असताना त्याला न छेडण्याची सवय लावावी. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घेण्यास जावे. हळद-मिरची लावीत बसू नये. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, विशेषतः वृद्ध आणि लहान मुलांच्या माता, त्यांची हेटाळणी करू नये. त्यांची सुरक्षितता हीदेखील दयाच आहे, आणि लसीकरण झालेली, संख्येने मर्यादित कुत्री ही उभयतांच्या हिताची. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीत, फटाक्यांच्या आवाजाने बिथरून पळालेली कुत्री गाड्यांखाली येतात; त्या रात्री आपल्या अंगणात शांतता राखणे हे कोणालाही जमण्यासारखे जीवदयेचे काम आहे.

आणि ज्यांच्या घरातील मुलगा वा मुलगी हे काम करते, त्यांना एक विनंती. "इतके रडायचे तर करतेस कशाला?" असे विचारू नका. तिच्या लग्नाच्या बोलण्यात हे काम लपवूही नका. ती रात्री उशिरा घरी येईल, तेव्हा तिचे ताट झाकून ठेवा, आणि जेवताना आज काय झाले ते विचारून निमूटपणे ऐकून घ्या. उपदेश नको, उपाय नको. झोप उडाली, चिडचिड महिनोन्महिने राहिली, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात कमीपणा मानू नका.

त्या भगिनीचे केंद्र आजही सुरू आहे. फलकावरचा आकडा पंचेचाळीस आहे, आणि गुरुवारी तिचा दूरध्वनी आता तिचे वडील उचलतात. कुत्र्यांना हात लावण्यास ते अद्याप बिचकतात. परंतु कोणते औषध कोठे ठेवले आहे, हे त्यांना अचूक ठाऊक असते.